चाकांवरचे शिल्प : चिसितालिया २०२ची जन्मकथा

अंथरूण पाहून पाय पसरावे, ही म्हण आपल्या घराघरांतून पिढ्यान्‌पिढ्या ऐकू येत आली आहे. तिचा उपयोग बहुधा हौस आवरण्यासाठीच केला जातो. मुलाने महागाची वस्तू मागितली, किंवा लग्नाच्या याद्या लांबू लागल्या, की घरातील वडीलधारे माणूस ही म्हण उच्चारते आणि विषय तेथेच संपतो. त्यामुळे हिच्यात केवळ काटकसरीचा उपदेश भरलेला आहे, असा आपला समज होऊन बसला आहे. परंतु ह्या म्हणीत आणखीही एक मर्म दडलेले आहे. अंथरूण तोकडे असले म्हणजे माणूस नुसते पाय आखडून बसत नाही. तेवढ्याच जागेत सुखाने कसे निजावे, ह्याचा तो विचार करू लागतो, आणि तो विचारच पुष्कळदा नव्या निर्मितीचे मूळ ठरतो. वृत्ताच्या बंधनाने कवीची प्रतिभा कोंडली जात नाही, उलट तिला डौल येतो, हे काव्याच्या वाचकांस नव्याने सांगावयास नको. यंत्रांच्या सृष्टीतही हाच नियम कसा लागू पडतो, ह्याचे एक मनोवेधक उदाहरण इटली देशातील एका लहानशा मोटारगाडीच्या कथेत सापडते.

न्यूयॉर्क येथे आधुनिक कलेचे एक जगद्विख्यात संग्रहालय आहे. १९५१ साली ह्या संग्रहालयाने मोठे धाडसी प्रदर्शन मांडले. चित्रे व पुतळे ह्यांचे जे माहेरघर, तेथे आठ मोटारगाड्या आणून ठेवण्यात आल्या. मोटार म्हणजे पोकळ आणि चालतेबोलते शिल्पच होय, ह्या दृष्टीने तिच्याकडे पाहावे, अशी त्यामागील कल्पना होती. त्या आठांत जर्मनीची मर्सिडीज होती, इंग्लंडची बेंटली व एम. जी. होती, फ्रान्सची टॅल्बो होती, अमेरिकेची कॉर्ड व लिंकन कॉन्टिनेंटल होती. फार काय, युद्धात नाव कमावलेली ओबडधोबड जीपही होती. ह्या मेळ्यात एकच गाडी इटलीची होती. तिची उंची सव्वा मीटरच्या आत, आणि तिचे एंजिन त्या आठांमध्ये सर्वांत लहान, केवळ १,०८९ घन सेंटिमीटरांचे. शेजारच्या मर्सिडीजचे एंजिन तिच्या सहापटींहून मोठे होते. असे असूनही ह्या चिमुकल्या गाडीने पाहणाऱ्यांची दृष्टी खिळवून ठेवली. पुढे १९७२ साली तिच्याच जातीची एक तांबडी गाडी ह्या संग्रहालयाच्या कायम संग्रहात दाखल झाली. असा मान मिळविणारी ती तेथील पहिलीच मोटार. तिचे नाव चिसितालिया २०२.

युद्धाने पोळलेले शहर

आल्प्स पर्वताच्या पायथ्याशी, पो नदीच्या काठी तुरीन शहर वसलेले आहे. फियाट मोटारींचे हे जन्मस्थान. दुसऱ्या महायुद्धात ह्या शहरावर बाँबचा वर्षाव झाला, कारखाने व वस्त्या मोडून पडल्या. १९४५ साली शांतता आली, पण ती रित्या हातांनी. लोखंड, रबर, कोळसा, पेट्रोल, ज्याची म्हणून कारखान्याला गरज असते, त्या प्रत्येक वस्तूची चणचण होती. पराभूत राष्ट्र म्हणून जगात पत उरली नव्हती, ती गोष्ट आणखी वेगळीच. अशा काळी कोणी शर्यतीच्या मोटारी बांधावयास निघाला, तर शेजारीपाजारी त्याच्या डोक्याविषयी शंका घेतील, ह्यात नवल ते काय?

तो मनुष्य म्हणजे पिएरो दुझिओ. त्याचा जन्म १८९९ सालचा. तरुणपणी तो तुरीनच्या प्रसिद्ध युव्हेन्तुस संघातून फुटबॉल खेळत असे. गुडघ्याला दुखापत झाली आणि खेळ संपला. मग तो कापडाच्या व्यापारात शिरला, त्यात त्याने अमाप पैसा मिळविला, आणि ज्या संघात एके काळी तो खेळला होता त्याचाच पुढे अध्यक्ष झाला. सायकली व खेळांचे साहित्य हेही त्याच्या उद्योगांत मोडत असे. मोटारींच्या शर्यतीचे त्याला विलक्षण वेड होते, आणि स्वतः चाक हाती धरून तो शर्यतींत भाग घेई.

दुझिओने असा अंदाज बांधला की, युद्ध सरताच तरुणांचा शर्यतींचा हुरूप पुन्हा उसळी घेईल, परंतु त्यांच्या खिशात पैसा नसेल. तेव्हा मोठमोठ्या राजेशाही गाड्यांच्या ऐवजी लहान, हलकी, स्वस्त आणि विकत घेताच शर्यतीस उभी करता येईल अशी गाडी आपण बांधावी. ह्या कामासाठी त्याने जी कंपनी काढली तिचे नाव लांबलचक होते. त्याचा अर्थ एवढाच की, इटलीतील क्रीडा-उद्योग मंडळी. त्यातील आद्याक्षरे जुळवून ‘चिसितालिया’ हा सुटसुटीत शब्द तयार झाला.

गाडीचा आराखडा करण्यासाठी त्याने दान्ते जाकोसा ह्या एंजिनियराला गाठले. जाकोसा हा फियाटचा माणूस. सामान्य इटालियन कुटुंबास परवडेल अशी जी ‘तोपोलिनो’ नावाची चिमुकली गाडी १९३६ साली निघाली, तिचा हा जनक. ‘तोपोलिनो’ म्हणजे उंदराचे पिल्लू! थोड्यातून पुष्कळ काढण्याची विद्या ह्या गृहस्थाइतकी क्वचितच कोणास अवगत असेल. फियाटमधील नोकरी सांभाळून, उरल्या वेळात तो दुझिओच्या गाडीचे नकाशे काढीत बसे.

मुंबईच्या ओळखीचे एंजिन

शर्यतीच्या गाडीसाठी निराळे एंजिन घडवावयाचे, तर त्याला साचे हवेत, यंत्रे हवीत आणि वर्षानुवर्षांचे प्रयोग हवेत. ह्यांपैकी काहीच हाताशी नव्हते. तेव्हा जाकोसाने सरळ बाजारात मिळणारे एंजिन उचलले. ते होते फियाटच्या ‘अकराशे’ ह्या घरगुती गाडीचे, १९३७ सालापासून चालत आलेले. त्यास चार सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास ६८ मिलिमीटर व दट्ट्याची धाव ७५ मिलिमीटर. आणि मूळची शक्ती अवघी ३२ अश्वांची.

ह्या आकड्यांशी मुंबईचा संबंध अगदी सख्ख्या नात्याचा आहे. वालचंद हिराचंद ह्यांनी १९४४ साली स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनीने आपल्या कुर्ल्याच्या कारखान्यात पुढे ह्याच फियाट ‘अकराशे’च्या वंशातील गाड्या बांधल्या. तीच फियाट १९७४च्या सुमारास ‘प्रीमियर पद्मिनी’ झाली, आणि काळ्यापिवळ्या रंगात मुंबईच्या रस्त्यांवर टॅक्सी म्हणून ती २०२३ सालापर्यंत धावत राहिली. तिच्या एंजिनाचे माप तेच, १,०८९ घन सेंटिमीटरांचे. दादरहून बोरीबंदरला ज्या गाडीने लक्षावधी लोकांस पोचविले, तिच्या एंजिनाचा आणि न्यूयॉर्कच्या कलामंदिरातील गाडीच्या एंजिनाचा वंशवृक्ष एकच, हे वाचून अनेकांस कौतुक वाटेल.

एंजिन साधे, तेव्हा कसब दाखवावयाचे ते बाकीच्या रचनेत. जाकोसाने गाडीचा सांगाडा जाड लोखंडी पट्ट्यांचा न करता, सायकलीच्या सांगाड्याप्रमाणे बारीक पोलादी नळ्या एकमेकींस सांधून पिंजऱ्यासारखा केला. प्रत्येक नळी केवळ ताण किंवा दाब सोसते; वाकण्याचा भार तिच्यावर फारसा येत नाही. म्हणून थोड्या धातूत पुष्कळ मजबुती साधते. एंजिनात सुधारणा करून त्याची शक्ती ६० अश्वांपर्यंत वाढविली, आणि तेलाची टाकी एंजिनाच्या तळाशी न ठेवता बाजूला काढली, म्हणजे एंजिन आणखी खाली बसविता आले. एका आसनाची ही गाडी ‘डी ४६’ ह्या नावाने पुढे आली. तिचे वजन ४०० किलोग्रॅमच्या आत भरले.

सप्टेंबर १९४६ मध्ये तुरीनच्या व्हालेन्तीनो उद्यानात शर्यत झाली. तीत अशा सात गाड्या उतरल्या, आणि पहिला आला तो स्वतः दुझिओ! त्याच शर्यतीत थोर शर्यतपटू तात्सिओ नुवोलारी ह्याच्या गाडीचे सुकाणूचाक धावता धावता निखळून हाती आले. ते त्याने एका हाताने उंच धरून प्रेक्षकांस दाखविले, आणि उरलेल्या दांड्याच्या आधारे गाडी हाकीत नेली. हे दृश्य टिपलेले छायाचित्र आजही मोटारींच्या इतिहासात प्रसिद्ध आहे.

वाऱ्याशी हिशेब

शर्यतीतील यशाने दुझिओची उमेद वाढली. आता त्याला दोन माणसांनी आरामात बसून लांबचा प्रवास करावा, अशी बंदिस्त गाडी हवी होती. जाकोसा फियाटच्या कामात गुंतल्यामुळे ही जबाबदारी जोव्हान्नी सावोनुत्सी ह्याच्यावर आली. हा फियाटच्या विमान-एंजिन खात्यातून आलेला तंत्रज्ञ. दुझिओने त्याच्यापुढे आपली मागणी ठेवली, तिची आख्यायिका मोठी गमतीची आहे. गाडी माझ्या ब्यूकइतकी रुंद असावी, शर्यतीच्या गाडीइतकी बुटकी असावी, रोल्स-रॉइसइतकी सुखाची असावी आणि आपल्या डी ४६ इतकी हलकी असावी, असे तो म्हणाला म्हणतात! मुलीसाठी स्थळ पाहताना काही मंडळी ज्या अपेक्षा सांगतात, त्यांची ही यादी वाचून आठवण व्हावी.

सावोनुत्सी मात्र हसण्यावारी नेणारा नव्हता. तो विमानांच्या जगातून आलेला असल्यामुळे, वेगवान गाडीचा खरा शत्रू वारा हे तो ओळखून होता. हा मुद्दा थोडा उकलून सांगितला पाहिजे. गाडीचा वेग दुप्पट झाला, की वाऱ्याचा विरोध चौपट होतो. आणि तो विरोध दुप्पट वेगाने तोडावयाचा, म्हणून एंजिनाची शक्ती आठपट लागते. फियाटची मूळ ‘अकराशे’ गाडी ३२ अश्वशक्तीवर ताशी सुमारे ११० किलोमीटर जाई. तिचा आकार तोच ठेवून तिला ताशी १६० किलोमीटर पळवावयाचे, तर केवळ वाऱ्याचाच विचार केला तरी शंभराच्या जवळपास अश्वशक्ती हवी. चिसितालियाजवळ होती पन्नास. उरलेली पन्नास कोठून आणावयाची? एंजिनातून ती निघण्याजोगी नव्हती. ती आकारातूनच काढणे प्राप्त होते.

आमच्या मते ह्या गाडीच्या सौंदर्याची गुरुकिल्ली येथेच आहे. तिच्या अंगावरील प्रत्येक गोलाई ही प्रथम गरज होती, मग शोभा झाली. गाडी बुटकी केली ती वाऱ्यापुढे कमी छाती काढावी म्हणून. अंग गुळगुळीत केले ते वाऱ्याला कोठे अडखळावयास जागा मिळू नये म्हणून. पाठ हळूहळू निमुळती केली ती मागे भोवरे पडून गाडी ओढली जाऊ नये म्हणून. सावोनुत्सीच्या एका नमुन्यास तर मागील बाजूला माशाच्या परांसारखे दोन उभे पंख होते. पैसा मुबलक असता, तर मोठे एंजिन बसवून ही सर्व दगदग टाळता आली असती, आणि मग ती रेषाही जन्मास आली नसती.

पावसातील हजार मैल

ह्या रचनेची पहिली मोठी कसोटी १९४७च्या जून महिन्यात लागली. ब्रेशिया गावाहून निघून, रोमला वळसा घालून पुन्हा ब्रेशियास यावयाचे, अशी ‘मिल्ले मिल्या’, म्हणजे हजार मैलांची शर्यत, युद्धानंतर प्रथमच भरत होती. प्रत्यक्षात त्या वर्षीचा मार्ग हजार मैलांहूनही लांब, सुमारे १,८०० किलोमीटरांचा होता. चिसितालियाच्या एका उघड्या गाडीवर नुवोलारी बसला. त्याचे वय ५४ वर्षांचे, फुप्फुसे निकामी होत चाललेली, आणि दोन्ही मुलगे ऐन तारुण्यात निवर्तलेले. गाडी तर जवळजवळ त्याच घरगुती एंजिनाची. प्रतिस्पर्धी क्लेमेन्ते बिओंदेत्ती ह्याच्या आल्फा रोमेओचे एंजिन तिच्या अडीचपटींहून मोठे.

तरीही रोम येथे आणि त्यापुढेही नुवोलारी सर्वांच्या पुढे होता. वळणावळणाच्या डोंगरी रस्त्यांवर हलक्या गाडीची चपळाई कामास आली. परंतु परतीच्या वाटेवर उत्तर इटलीत वादळी पावसाने गाठले. उघड्या गाडीत पाणी साचले, ठिणगी पाडणारा मॅग्नेटो भिजला, एंजिन थांबले. ते वाळवून पुन्हा सुरू करण्यात मोलाचा वेळ गेला. ब्रेशियास पोचला तेव्हा तो बिओंदेत्तीच्या सुमारे सोळा मिनिटे मागे, म्हणजे दुसरा होता. तिसरा व चौथा क्रमांकही चिसितालियानेच पटकावला. पहिला कोण आला, हे शर्यतींच्या अभ्यासकांखेरीज फार थोड्यांच्या लक्षात आहे. त्या आजारी म्हाताऱ्याची भिजलेली लहान गाडी मात्र सर्वांच्या लक्षात राहिली.

पिनिनचा हात

सांगाडा जाकोसाच्या परंपरेतला, वाऱ्याचा हिशेब सावोनुत्सीचा. आता त्या सर्वांवर अंगरखा चढविणारा शिंपी हवा होता. तो बात्तिस्ता फारीना. अकरा भावंडांतील हा दहावा. लहान चणीमुळे घरात त्यास ‘पिनिन’, म्हणजे पिएमोंत प्रांताच्या बोलीत ‘धाकुटा’, असे म्हणत. तेच नाव त्यास जन्मभर चिकटले. इतके की, १९६१ साली इटलीच्या राष्ट्राध्यक्षांच्या हुकुमाने ‘पिनिनफारीना’ हे त्याचे अधिकृत आडनावच झाले. १९३० साली त्याने तुरीनमध्ये मोटारींच्या बॉडी बांधण्याचा स्वतःचा कारखाना काढला.

पिनिनच्या स्वभावाची ओळख पटण्यास एक प्रसंग पुरेसा आहे. १९४६ सालच्या पॅरिसच्या मोटार-प्रदर्शनात इटलीला मज्जाव होता. कालचा शत्रू म्हणून. पिनिनने तक्रार केली नाही. त्याने आपल्या दोन गाड्या, एक आल्फा रोमेओ व एक लान्चा, तयार केल्या. एकीवर स्वतः बसला, दुसरीवर वीस वर्षांचा मुलगा सेर्जिओ, आणि दोघे बापलेक आल्प्स ओलांडून पॅरिसला गेले. तेथे गाड्या स्वच्छ धुऊनपुसून त्यांनी त्या प्रदर्शनाच्या दाराबाहेर, रस्त्याच्या कडेला उभ्या केल्या. आत जाणारे लोक बाहेरच थबकू लागले. वर्तमानपत्रांतून त्याची चर्चा झाली. दार बंद असता ज्याने उंबरठ्याबाहेरच आपले प्रदर्शन मांडले, त्याच्या हाती दुझिओची गाडी आली.

त्या काळी बहुतेक गाड्यांची रचना तुकड्यातुकड्यांची असे. पुढे एंजिनाची पेटी, मागे माणसांची पेटी, बाजूंना चार मडगार्ड चिकटविलेले, त्यांना जोडणारी पाय ठेवण्याची फळी, आणि दोन दिवे खांबावर बसविल्यासारखे वर काढलेले. पिनिनने हे सारे एका कातडीत घेतले. पुढच्या दिव्यापासून निघणारी रेषा चाकावरून उसळते, दाराशी किंचित मंदावते, आणि मागच्या चाकावर पुन्हा उचंबळून शेपटीत विरून जाते. दिवे मडगार्डाच्या अंगातच मुरविलेले आहेत. बॉनेट दोन्ही बाजूंच्या मडगार्डांपेक्षा खाली बसते. पूर्वीच्या गाड्यांत बॉनेट म्हणजे छाती काढून चालणाऱ्या शिपायासारखे सर्वांत उंच असावयाचे. येथे ते दोन लाटांमधील पाण्याप्रमाणे शांत वाहते. लहान एंजिन खोल बसविल्यामुळेच हे साधले, हे वाचकांच्या ध्यानात आलेच असेल. चकचकीत पट्ट्या, नक्षी, उगाच लावलेले दागिने जवळजवळ नाहीतच. पुढील बाजूस उभ्या पट्ट्यांची एक लांबट गोल जाळी, बस, तेवढाच काय तो अलंकार.

हे अंग यंत्राच्या दाबाने छापलेले नव्हते. ॲल्युमिनियमचा पत्रा लाकडी साच्यावर ठेवून कारागीर तो हातोडीने ठोकीत, पुन्हा साच्यावर बसवून पाहत, पुन्हा ठोकीत. आपल्याकडील तांबट ज्याप्रमाणे हंड्याची गोलाई डोळ्यांनी व तळहाताने पारखतो, तोच प्रकार. दागिन्यात सोने थोडे व घडणावळ मोठी असे आपण म्हणतो, तसेच हे होते. सोने म्हणावे, तर बाजारातले एंजिन. सर्व मोल होते ते घडणावळीचे.

१९४७च्या सप्टेंबरात कोमो सरोवराच्या काठी व्हिल्ला देस्ते येथे भरलेल्या सौंदर्यस्पर्धेत ही गाडी लोकांपुढे आली आणि तिची वाहवा झाली. ह्या सौंदर्याचे श्रेय कोणाचे, ह्याविषयी मात्र पुढे बराच वाद झाला. न्यूयॉर्कच्या संग्रहालयात नाव आहे ते पिनिनचे. परंतु मूळ रेषा सावोनुत्सीने आखल्या होत्या, हेही तितकेच खरे. देवळाच्या कळसावर ऊन पडते तेव्हा पायाचे दगड कोणास दिसत नाहीत. न्यायाने बोलावयाचे, तर एकाने वाऱ्याला वाट करून दिली आणि दुसऱ्याने त्या वाटेला लय दिली. दोहोंपैकी एक जरी नसता, तरी आज तिची कथा सांगावयास कोणी बसले नसते.

पाय अंथरुणाबाहेर

इतके झाल्यावर दुझिओ ह्या लहान गाडीवरच संतुष्ट राहिला असता तर! पण यशाची नशा मोठी विलक्षण. हाताने ठोकून घडविलेली गाडी सावकाश तयार होई आणि महाग पडे, गिऱ्हाईक मोजके. नफ्याचे पारडे जड नव्हतेच. अशा स्थितीत दुझिओने जगातील सर्वश्रेष्ठ शर्यतींत उतरण्याचे मनावर घेतले, आणि त्यासाठी गाडी मागितली ती पोर्शे ह्यांच्या कार्यालयाकडे.

ह्या घटनेला एक करुण-उदात्त किनार आहे. जर्मनीचे ख्यातनाम तंत्रज्ञ फेर्डिनांड पोर्शे हे १९४५च्या अखेरीपासून फ्रेंचांच्या कैदेत होते. त्यांच्या सुटकेसाठी दहा लक्ष फ्रँकची जामीनकी भरावयाची होती. त्यांचा मुलगा फेरी हा ऑस्ट्रियातील एका खेड्यात विस्थापितासारखा कार्यालय चालवीत होता. कार्ल आबार्ट व रुडोल्फ ह्रुश्का ह्यांच्या मध्यस्थीने दुझिओशी करार झाला, आणि त्या कराराच्या पैशातून जामीन भरला गेला. १९४७च्या ऑगस्टमध्ये वृद्ध पोर्शे मोकळे झाले. एका मुलाने आपल्या विद्येच्या बळावर बापाला सोडविले, आणि एका वेड्या हौशी माणसाने त्यासाठी आपली थैली रिकामी केली.

पोर्शे मंडळींनी आखलेली ‘३६०’ क्रमांकाची गाडी म्हणजे यंत्रविद्येचा चमत्कार होता. दीड लिटरचे बारा सिलिंडरांचे आडवे एंजिन, तेही चालकाच्या पाठीमागे. त्यास हवा दाबून भरणारे पंखे. आणि गरजेप्रमाणे चारही चाकांना शक्ती पुरविण्याची सोय. तिची कल्पना काळाच्या पुष्कळ पुढे होती. पण जो कारखाना फियाटच्या तयार एंजिनावर उभा होता, त्याला हे ओझे पेलणार कसे? एकेक सुटा भाग नव्याने घडवावयाचा. पैसा पाण्यासारखा वाहू लागला. गाडी कोणत्याही मोठ्या शर्यतीत धावण्यापूर्वीच, १९४९ साली, कंपनीचे दिवाळे वाजण्याची पाळी आली. आबार्टने शर्यतीच्या काही गाड्या व सामान घेऊन त्याच वर्षी स्वतःचा धंदा थाटला, आणि त्याचे विंचवाचे चिन्ह पुढे जगप्रसिद्ध झाले. दुझिओ समुद्रापार अर्जेंटिनात गेला, तेथे त्याने पुन्हा मोटारींचा उद्योग उभारण्याची खटपट केली. १९७५ साली ब्युएनोस आयरेस येथे त्याचे निधन झाले.

चिसितालिया २०२ ह्या जातीच्या गाड्या, निरनिराळ्या रूपांच्या सर्व मिळून, सुमारे १७० निघाल्या. व्यापाराच्या वहीत ही संख्या नगण्य होय. परंतु मडगार्ड, बॉनेट व छप्पर ह्यांचे एकजीव अंग असावे, हा जो धडा तिने घालून दिला, तो त्यानंतरच्या वेगवान गाड्यांनी गिरविला. पिनिनने १९५२ पासून फेरारीच्या गाड्यांस रूप देण्यास प्रारंभ केला, आणि ‘इटालियन घडणीची गाडी’ हे शब्द जगभर आदराने उच्चारले जाऊ लागले. काळाची गंमत अशी की, पिनिनने स्थापिलेली ती संस्था विकत घेण्याचा करार २०१५ साली ज्यांनी केला, तो मुंबईचाच महिंद्र उद्योगसमूह. ज्या शहराने तिच्या एंजिनाच्या भावंडाला टॅक्सी म्हणून राबविले, त्याच शहराकडे तिला रूप देणाऱ्या कारखान्याची मालकी आली.

ह्या कथेचे तात्पर्य काढणे सोपे आहे, आणि म्हणूनच ते जपून काढले पाहिजे. दुझिओने मर्यादा पाळली तोवर त्याच्या हातून अमर वस्तू घडली, ती सुटताच तो बुडाला, असे सरधोपट म्हणता येईल. त्यात सत्यही आहे. पण ज्या वेड्या उदारपणाने त्याला बुडविले, त्यानेच एका म्हाताऱ्याची बेडी तोडली. आणि मुळात तसले वेड नसते, तर भग्न तुरीनमध्ये शर्यतीची गाडी बांधण्याचा विचार त्याच्या मनात आलाच नसता. अंथरूण पाहून पाय पसरावे, हे खरेच. पण अंथरूण तोकडे म्हणून जो निजूनच राहतो, त्याच्या हातून काहीच घडत नाही, हेही तितकेच खरे. पन्नास अश्वांच्या एंजिनापुढे शंभराचे काम येऊन पडले, तेव्हा त्या मंडळींनी उसासे टाकले नाहीत. पत्रा उचलला, हातोडी घेतली, आणि वाऱ्याला जे रूप मान्य होईल ते शोधीत बसले. संग्रहालयातील ती तांबडी गाडी आता धावत नाही. तिच्यासमोर उभे राहणाऱ्यास ती उभ्या जागी धावते आहे असा भास मात्र होतो, आणि तो भासच त्या टंचाईच्या दिवसांची खरी कमाई होय.